स्वतःचे उत्पन्न नाही, पण घरचे पाठीशी आहेत: नाशिकमध्ये म्हाडाचे घर कसे घ्यावे

नाशिकमध्ये म्हाडाच्या (राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) सोडतीची, म्हणजे लॉटरीची, जाहिरात आली की तेच तीन प्रश्न सगळीकडून येतात. "मला पगार नाही, मी फॉर्म भरू शकते का?" "पैसे भाऊ देणार आहे, चालतं का?" "आईच्या नावावर घेऊ, हप्ता मी भरीन, बँक कर्ज देईल का?" बहुतेक वेळा वाट निघते. पण उत्पन्न कोणाचे, पैसा कोणाचा आणि घरावर नाव कोणाचे, या तीन गोष्टींकडे म्हाडा, आयकर खाते आणि बँक वेगवेगळ्या नजरेने पाहतात. म्हणून फॉर्म भरण्याआधीच घरात बसून हे ठरवा आणि कागदावर आणा. लॉटरी लागल्यावर मुदती धावू लागतात, तेव्हा भावाबहिणींत शांतपणे बोलणे होत नाही.

समजायला सोपे जावे म्हणून एक घर डोळ्यांपुढे ठेवू. सातपूरला भाड्याने राहणारी पन्नाशीची विधवा ताई. स्वतःची कमाई नाही. भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष आणि कांदा करतो. लग्न झालेली मुलगी पुण्यात नोकरीला आहे. भाऊ आणि मुलगी मिळून ताईला घर घेऊन देणार आहेत.

नाशिकमध्ये ही घरे येतात कुठून

म्हाडाचे नाशिक मंडळ नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे पाहते. कार्यालय जुन्या आग्रा रोडला गडकरी चौकात आहे. शहरातल्या सोडतीत येणारी बरीचशी घरे म्हाडाने स्वतः बांधलेली नसतात. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प होत असेल, तर २० टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ही तरतूद २०१३ पासून आहे. नाशिकमध्ये ती नीट पाळली गेली का, यावर २०२२ मध्ये विधिमंडळात मोठा गदारोळ झाला होता. घरांची किंमत सरकारी बांधकाम दराला धरून ठरते, जमिनीचा बाजारभाव त्यात चढत नाही, म्हणून शेजारच्या फ्लॅटपेक्षा ती बरीच कमी असते.

याचा ताईच्या दृष्टीने अर्थ असा की निवड म्हाडाच्या सोडतीतून होणार, पण विक्री करारनामा विकासकाशी होणार. त्यामुळे जाहिरातीत प्रकल्पाचे नाव दिसले की महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून काम कुठवर आले आहे, ताब्याची तारीख कोणती दिली आहे, हे पाहा. आणि जागेवर जाऊन या. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव ही नावे नकाशावर जवळ वाटतात. पण रोजचा दवाखाना, किराणा, सिटी लिंकची बस यांचा विचार तिथे उभे राहिल्यावरच होतो. एकट्या बाईला चौथ्या मजल्यावरचे घर मिळाले आणि लिफ्ट नाही, तर ते स्वस्त घर महागात पडते.

उत्पन्न कोणाचे धरतात

म्हाडाच्या हिशेबात कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे अर्जदार आणि त्याचा पती किंवा पत्नी, दोघांचे मिळून. आईवडील, भाऊ, लग्न झालेली मुलगी यांची कमाई त्यात येत नाही. नोकरी न करणारी विवाहित बाई अर्ज करणार असेल, तर नवऱ्याचा पगार मोजला जाईल. ताईसारख्या विधवेच्या बाबतीत फक्त तिचे स्वतःचे जे काही असेल ते. फॅमिली पेन्शन, एफडीचे व्याज, शिलाईची मिळकत, सगळे धरून.

२०२२ च्या शासन निर्णयानुसार १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख रुपये आहे, अल्प गटाची ९ लाख, मध्यम गटाची १२ लाख. नाशिक या शहरांत मोडते. जिल्ह्यातल्या लहान गावांना वेगळ्या मर्यादा लागतात, म्हणून जाहिरातीतला तक्ता वाचल्याशिवाय गट ठरवू नका. कमी उत्पन्नाच्या गटातल्या अर्जदाराला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो, उलटे चालत नाही.

उत्पन्न नाही म्हणून पुरावा लागत नाही, असे मात्र नाही. आयकर विवरणपत्र भरत असाल तर त्याची पोच, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तोही जाहिरातीत मागितलेल्या आर्थिक वर्षाचाच. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. दाखल्यासाठी रेशनकार्ड जोडले जाते आणि त्यावर नाव असलेल्या इतरांची कमाईही दाखल्यात धरली जाऊ शकते. ताईचे नाव अजून भावाच्या रेशनकार्डावर असेल, तर शेतीचे उत्पन्न तिच्या माथी बसेल. रेशनकार्ड आधी वेगळे करून घ्या, अर्जात कोणाचे उत्पन्न लिहिले आहे ते पाहा, आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभे राहून वाचा. आणि भाऊ दरमहा खर्चाला जे पैसे पाठवतो, ते तोंडी सांगून सोडू नका. ते उत्पन्नात धरायचे की नाही, हे दाखला देणाऱ्या कार्यालयातच विचारून स्वयंघोषणापत्रात खरे तेच लिहा. खोट्या दाखल्यावर मिळालेले घर नंतर रद्द होऊ शकते.

कागद: जाहिरातीची वाट पाहू नका

२०२३ पासून म्हाडाची सोडत संगणकीय प्रणालीवर गेली आहे आणि कागदांची पडताळणी सोडतीनंतर न होता आधीच होते. नोंदणी कधीही करता येते, त्यासाठी जाहिरात यावी लागत नाही. म्हणजे हे काम आजच सुरू करता येते.

लागणारे मुख्य कागद असे. आधार आणि पॅन, विवाहित असल्यास दोघांचे. आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर. अधिवास प्रमाणपत्र, १ जानेवारी २०१८ नंतर काढलेले. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य दाखवावे लागते. उत्पन्नाचा पुरावा. आरक्षित गटातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र आणि वैधता. विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला, घटस्फोटितेसाठी न्यायालयाच्या निकालाची प्रत. दावा अजून चालू असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती विवाहितच. अशा वेळी घाईने घटस्फोटित म्हणून अर्ज भरू नका.

अर्जदार, पती किंवा पत्नी किंवा अज्ञान मुले यांच्या नावे त्या महापालिका हद्दीत घर किंवा निवासी भूखंड नसावा, आणि म्हाडाचे घर आधी मिळालेले नसावे. वारसा हक्काने पंचवटीतल्या जुन्या वाड्यात नाव लागलेले असेल तर ते लपवू नका, मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा.

बायकांच्या कागदांत सगळ्यात जास्त अडकते ते नाव. आधारवर सासरचे, पॅनवर माहेरचे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद यांनी हा सांधा जुळवता येतो, पण त्याला वेळ लागतो. हे काम यादीत पहिले ठेवा. बाकीचे कागद त्यामागून सुरळीत होतात.

आता बँक खाते. कमाई नसलेल्या बाईचे खाते बरेचदा फक्त अनुदानापुरते उघडलेले असते. पूर्ण केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) न झालेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखाहून जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. भावाने १० लाख पाठवले आणि ते परत गेले, तर ऐन मुदतीत धावपळ होईल. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा, पॅन जोडा, चेकबुक घ्या, खाते एकदा वापरून पाहा. अर्जासोबत भरलेल्या अनामत रकमेचा परतावाही अर्जदाराच्या खात्यातच येतो.

म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

खरा आकडा किती

जाहिरातीतली किंमत हा शेवटचा आकडा नसतो. समजा घर १६ लाखांचे आहे. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून ६ टक्के होतात. खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी घराला १ टक्का सवलत आहे, म्हणजे ५ टक्के, ८०,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,०००, इथे १६,०००. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का, आणखी १६,०००. पूर्णत्वाचा दाखला मिळालेले घर असेल तर जीएसटी नाही. झाले १७ लाख १२ हजार. यावर वीज मीटर, सोसायटीची वर्गणी, आगाऊ मेंटेनन्स आणि घरात लागणारी किरकोळ कामे. मुद्रांक शुल्क साधारणपणे करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागते. म्हाडाने ठरवलेल्या किमतीच्या घराला ते कसे धरतात, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून ठेवा.

महिलेच्या सवलतीत एक मेख आहे. करारनाम्यात मुलाचे किंवा भावाचे नाव जोडले की सवलत जाते. "सुरक्षिततेसाठी माझंही नाव घाल" असे कोणी म्हणत असेल, तर त्या शब्दाची किंमत आपल्या उदाहरणात १६,००० रुपये आहे. शिवाय सोडतीत लागलेल्या घराला पती किंवा पत्नीखेरीज दुसऱ्याचे नाव सुरुवातीलाच लावता येईल, असे गृहीत धरून व्यवहार आखू नका.

मदत भेट म्हणून की उसनी

या टप्प्यावर सावकाश चला, कारण पुढचे बहुतेक वाद इथूनच निघतात.

जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली भेट कितीही मोठी असली तरी घेणाऱ्याला तिच्यावर आयकर लागत नाही. पण नातेवाईक कोण, हे कायद्याने ठरवले आहे. पती-पत्नी, सख्खे भाऊबहीण, जोडीदाराचे भाऊबहीण, आईवडिलांचे भाऊबहीण, थेट वरच्या आणि खालच्या पिढ्या, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे ताईला भावाने, वहिनीने, मुलीने, जावयाने दिलेले चालते. चुलतभावाने किंवा मावसबहिणीने दिलेले या यादीत बसत नाही. मामाने भाच्याला दिले तर करमुक्त, भाच्याने मामाला दिले तर नाही. यादीबाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम आली, तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाते. भाचा मदत करणार असेल तर त्याने ती आपल्या आईला द्यावी आणि आईने भावाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पैसा नुसता फिरवण्यासाठी असे करू नका, करसल्लागाराला विचारा.

भेट असेल तर साधे भेटपत्र लिहा. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, नाते, पॅन, रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली, आणि एक स्पष्ट वाक्य: "ही रक्कम मी प्रेमापोटी कायमची दिली असून ती परत मागण्याचा किंवा या पैशातून घेतलेल्या घरावर हक्क सांगण्याचा माझा अधिकार नाही." दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. भावाने हे वाक्य लिहायला का-कू केली तर वाईट वाटून घेऊ नका, उलट बरे झाले समजा. त्याच्या मनात ती रक्कम भेट नाही, उसनी आहे, आणि ते आजच कळलेले चांगले.

उसनी असेल तर तसा करार करा: रक्कम, व्याज आहे की नाही, परत कधीपासून आणि कशातून. कमाई नसलेली ताई फेडणार कशातून? "घर विकल्यावर" असे उत्तर असेल, तर म्हाडाचे घर ताब्यापासून ५ वर्षे विकता येत नाही, हे भावाच्या कानावर घाला. उसने २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घेणे आयकर कायद्याने मना आहे. बँकेतूनच घ्या.

तिसरा प्रकार धोक्याचा आहे. घर ताईच्या नावावर, पैसे भावाचे, आणि आत राहणार किंवा भाडे खाणार भाऊ. हे बेनामी व्यवहारात मोडू शकते. पती-पत्नी किंवा मुलांच्या नावे आपल्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला त्या कायद्यात सूट आहे. भावाबहिणीच्या बाबतीत मात्र दोघांची नावे संयुक्त मालक म्हणून कागदावर असतील तरच ती सूट आहे. ताईला घर खरोखर तिच्यासाठीच दिले जात असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण भेटपत्र तेव्हा फार कामाचे ठरते.

भावाचा पैसा शेतीचा आहे. शेती उत्पन्नावर आयकर नसला तरी ते कुठून आले हे दाखवता आले पाहिजे. सातबारा, बाजार समितीतली कांदापट्टी, द्राक्ष व्यापाऱ्याची बिले एका फाइलला लावा. रोख मिळाली असेल तर आधी भावाच्या खात्यात भरा, मग तिथून ताईच्या खात्यात आरटीजीएस करा. ताईच्या खात्यात थेट रोख भरू नका.

वेळेचाही मेळ घाला. द्राक्षाचा पैसा साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतो, आणि व्यापाऱ्याकडून तो कधीकधी त्याहून उशिरा येतो. म्हाडाचे पत्र दिवाळीच्या तोंडावर आले तर भावाकडे देण्याची इच्छा असते, पैसा नसतो. म्हणून "देईन" या शब्दावर न थांबता पहिल्या हप्त्याएवढी रक्कम ताईच्या नावे एफडीत आधीच ठेवून घ्या. सोडत लागली नाही तरी व्याज कुठे जात नाही.

कर्ज काढायचे झाले तर

फक्त ताईच्या नावावर बँक कर्ज देणार नाही, कारण फेडीला उत्पन्न नाही. मुलगी सहकर्जदार झाली तर मार्ग निघू शकतो. मालक असलेल्या सगळ्यांनी कर्जदार व्हावे अशी बँकेची अट असते, पण प्रत्येक कर्जदार मालक असलाच पाहिजे असे नाही. हे प्रत्येक बँकेच्या धोरणावर आहे, म्हणून सोडतीआधीच दोन-तीन शाखांमध्ये विचारा: "घर आईच्या नावावर, म्हाडाच्या सोडतीतले, सहकर्जदार विवाहित मुलगी. चालेल का?" उत्तर लेखी किंवा ईमेलवर मागा.

मुलीने तीन गोष्टी समजून होकार द्यावा. हप्ता थकला तर तिचा सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब होईल. हे कर्ज तिच्या नावावर दिसेल, त्यामुळे पुण्यात स्वतःचे घर घेताना तिला कर्ज कमी मिळेल. आणि ती मालक नसल्यामुळे हप्ता भरूनही आयकरात गृहकर्जाची वजावट तिला मिळणार नाही. जावयालाही हे सगळे समोर बसून सांगा.

३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के देऊ शकते. उरलेले आणि मुद्रांक शुल्क वगैरे घरातूनच उभे करावे लागते. कर्ज काढणार असाल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज सवलतही पाहा. ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, कमाल १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्के घर नसावे ही तिची अट म्हाडापेक्षा कडक आहे. सगळे पैसे घरच्यांनीच दिले तर ही सवलत मिळत नाही, कारण ती कर्जाच्या व्याजावर आहे.

अर्जापासून ताब्यापर्यंत

नोंदणी झाली, कागद पात्र ठरले की जाहिरात आल्यावर योजना निवडून अर्ज आणि अनामत भरायची. मग प्रारूप (कच्ची) यादी लागते. त्यात नाव, गट, आरक्षण बरोबर आहे का पाहून चूक असेल तर दिलेल्या मुदतीतच ऑनलाइन हरकत घ्या. अंतिम यादीनंतर सोडत.

नाव लागले तर आधी ऑनलाइन स्वीकृती द्यावी लागते. मोबाईलवर येणारा संदेश भाच्याच्या फोनवर जाऊन पडला आणि त्याने पाहिलाच नाही, असे होऊ देऊ नका. नोंदवलेला नंबर ताईच्या हातात असू द्या. त्यानंतर तात्पुरते देकार पत्र (घर देऊ केल्याचे पत्र) येते. म्हाडाच्या स्वतःच्या घरांना किमतीचा पहिला भाग आणि उरलेली रक्कम भरायला पत्रात ठरावीक दिवस दिलेले असतात, उशिराला व्याज लागते. कर्जासाठी ना हरकत पत्र त्याच वेळी मागा.

वीस टक्क्यांतल्या घराला पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे विकासकाला जातात. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय त्याला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पार्किंग, क्लब किंवा "डेव्हलपमेंट चार्जेस" म्हणून जाहिरातीत नसलेली रक्कम मागितली तर ती कशाची हे लेखी मागा आणि मंडळाला कळवा. प्रत्येक पैसा ताईच्या खात्यातूनच जाऊ द्या. भावाच्या खात्यातून थेट विकासकाला गेला तर भेटपत्राशी जुळवताना नाहक खुलासे करावे लागतात.

घर मिळाल्यावर

कमाई नसलेल्या माणसाला घर घेऊन देताना महिन्याचा खर्च बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी, वीज. ताई आज भाड्याशिवाय यातले काही भरत नसेल, तर हा खर्च तिच्यासाठी पूर्ण नवा आहे. कोण किती भरणार हे भेटपत्राच्याच बैठकीत ठरवा. शक्य असेल तर भावाने किंवा मुलीने ताईच्या नावे एफडी करून तिचे मासिक व्याज मेंटेनन्सला लावावे. दर महिन्याला कोणाकडे मागावे लागले नाही की ताई त्या घरात मानाने राहते.

ताबा मिळताच महावितरणचे मीटर आणि महापालिकेची घरपट्टी ताईच्या नावावर करून घ्या, सोसायटीत नामनिर्देशन भरा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल तर तिची मालमत्ता आधी पती आणि सगळ्या मुला-मुलींकडे समान जाते. पैसे भावाने आणि एका मुलीने दिले असले तरी दुसरे मूल असेल तर त्याचा वाटा तेवढाच राहतो. हे सगळ्यांना मान्य असेल तर उत्तम. नसेल तर ताईने धडधाकट असतानाच मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. साक्षीदार म्हणून ज्याला घरातून काही मिळणार आहे त्याला घेऊ नका. डॉक्टरांचे प्रकृती ठीक असल्याचे पत्र त्याच दिवशीचे जोडा, आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे हे मुलीला आणि भावाला, दोघांनाही सांगून ठेवा.